पार्श्वभूमी धूसर कोण करतो : सेन्सर की लेन्सचे छिद्र?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत कॅमेरा कसा निवडावा याविषयी जो लेख आला आहे, त्यात सेन्सर (कॅमेऱ्यातले प्रतिमा टिपणारे पटल) जितका मोठा तितकी डेप्थ ऑफ फील्ड (चित्रातला स्पष्ट दिसणारा खोलीचा पट्टा) कमी आणि पार्श्वभूमी अधिक धूसर, असे एका वाक्यात सांगून लेखकाने विषय आवरता घेतला आहे. हे विधान इतके सर्रास केले जाते की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. ते सपशेल खोटे नाही, परंतु ज्या अटींवर ते खरे ठरते त्या अटी गाळून छापल्यामुळे ते वाचकाला चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. एका विशिष्ट परिस्थितीत तर नेमके उलटे घडते, म्हणजे सेन्सर लहान केल्यावर डेप्थ ऑफ फील्ड वाढण्याऐवजी घटते. म्हणून हे पत्र. ते नेहमीच्या वाचकपत्रापेक्षा बरेच लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे फोकस केलेल्या वस्तूच्या पुढचा आणि मागचा, डोळ्याला स्पष्ट वाटणारा पट्टा. यात 'वाटणारा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. लेन्स काटेकोरपणे एकाच अंतरावर फोकस होते. त्या अंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून न उमटता एका छोट्या चकतीच्या रूपात उमटतो. ही चकती जोवर इतकी लहान आहे की अंतिम छायाचित्र पाहताना डोळ्याला ती बिंदूच वाटते, तोवर तो भाग आपण स्पष्ट धरतो. साधारण २५ सें.मी. अंतरावरून पाहिले असता सुमारे ०.२ मि.मी. एवढा तपशील डोळ्याला वेगळा ओळखता येतो. आता ३६ × २४ मि.मी.च्या फुल फ्रेम सेन्सरवरची प्रतिमा २५ सें.मी. रुंदीच्या छापील चित्रावर आणायची तर ती सुमारे ७ पट मोठी करावी लागते. म्हणून सेन्सरवर चालू शकणारी चकती ०.२ भागिले ७, म्हणजे ०.०३ मि.मी.च्या आसपास धरण्याचा प्रघात पडला. एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मि.मी.चा असतो, त्यावरची प्रतिमा त्याच आकाराला नेण्यासाठी जवळजवळ ११ पट मोठी करावी लागते, त्यामुळे तेथे मर्यादा ०.०२ मि.मी.वर येते. मायक्रो फोर थर्ड्सच्या १७.३ × १३ मि.मी.च्या सेन्सरसाठी ती ०.०१५ मि.मी. धरतात.

या हिशेबात सेन्सरचा आकार थेट शिरतो तो एवढ्या एकाच दारातून. लहान सेन्सरवरची प्रतिमा अधिक मोठी करावी लागते, म्हणून तिच्यातली धूसरताही अधिक मोठी होते. केवळ या कारणाचा विचार केला तर लहान सेन्सरची डेप्थ ऑफ फील्ड कमी असायला हवी, जास्त नव्हे. लेखातील विधानाच्या हे अगदी विरुद्ध आहे, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांना घरच्या घरी पडताळून पाहता येईल.

टेबलावर मोजमापाची टेप कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी सरळ पसरावी, कॅमेरा किंचित उंचावर ठेवावा, म्हणजे टेपवरचे आकडे एकामागून एक दिसतील. फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मि.मी. फोकल लेंथची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद) लावून, छिद्र एफ/२.८ ठेवून (एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), बरोबर १ मीटरवरच्या रेघेवर फोकस करून चित्र घ्यावे. वर सांगितलेली मर्यादा धरली तर या चित्रात एकंदर ६.४ सें.मी.चा पट्टा स्पष्ट दिसेल. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळू लागतील. आता कॅमेरा न हलवता तीच लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावून तेच चित्र घ्यावे. एकाच आकारात छापून दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की लहान सेन्सरच्या चित्रात स्पष्ट पट्टा ४.३ सें.मी.चाच भरेल. दुसरा कॅमेरा नसला तरी अडत नाही. पहिल्याच चित्राचा मधला भाग, रुंदी-उंचीने दोन तृतीयांश, संगणकावर कापून घ्यावा आणि मूळ चित्राच्या आकाराला मोठा करावा. लहान सेन्सरने केले असते ते हेच. मूळ चित्रात चालून गेलेल्या कडेच्या काही रेघा या मोठ्या केलेल्या तुकड्यात स्पष्टपणे अस्पष्ट दिसतात. लेन्स तीच, अंतर तेच, छिद्र तेच, आणि प्रकाशकिरणांनी तर आपली वाट तसूभरही बदललेली नाही.

मग लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत सगळे काही स्पष्ट येते, हा अनुभव खोटा आहे का? मुळीच नाही. पण त्या अनुभवात छायाचित्रकार नकळत आणखी एक गोष्ट बदलत असतो. वरच्या दुसऱ्या चित्रात चौकट अरुंद झालेली आहे. टेपचा आधीइतकाच भाग चौकटीत हवा असेल तर एक तर मागे सरकून १.५ मीटरवर जावे लागेल, नाही तर ५० ऐवजी ३३ मि.मी.ची लेन्स लावावी लागेल. मागे सरकल्यास स्पष्ट पट्टा ९.८ सें.मी. होतो, आणि जागा न सोडता ३३ मि.मी.ची लेन्स लावल्यासही ९.८ सें.मी.च होतो. ही वाढ सुमारे दीडपट आहे आणि एपीएस-सीचा क्रॉप फॅक्टर, म्हणजे फुल फ्रेमचा कर्ण त्या सेन्सरच्या कर्णाच्या जितका पट असतो तो आकडा, तोही दीडच आहे. अंतर वाढल्याने डेप्थ ऑफ फील्ड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, फोकल लेंथ कमी केल्यानेही ती वर्गाच्याच प्रमाणात वाढते. त्यातून जादा मोठे करण्यामुळे झालेली घट वजा जाते आणि शेवटी क्रॉप फॅक्टरएवढी वाढ शिल्लक राहते. दोन्ही वाटांनी पट्टा सारखाच वाढला, तरी दोन्ही चित्रे सारखी नसतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे. मागे सरकल्याने पुढच्या-मागच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण बदलते; जागा न सोडता लेन्स बदलल्यास ते बदलत नाही.

तेव्हा त्याच दोन कॅमेऱ्यांमध्ये लहान सेन्सर एकदा डेप्थ ऑफ फील्ड घटवताना दिसतो आणि एकदा वाढवताना दिसतो. काय कायम ठेवले आणि काय बदलले हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. लेखकाने ते सांगितलेले नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

माझ्या मते, विद्यार्थ्यांना किंवा वाचकांना सांगायचेच असेल तर सेन्सरपासून सुरुवात न करता लेन्सच्या छिद्रापासून करावी, आणि तीही एफ-क्रमांकापासून नव्हे तर छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासापासून. एफ-क्रमांक हे गुणोत्तर आहे. फोकल लेंथला त्याने भागले की समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० मि.मी.च्या लेन्सचे एफ/२.८ ला छिद्र सुमारे १८ मि.मी.चे असते. मायक्रो फोर थर्ड्सवर तीच चौकट देणारी लेन्स २५ मि.मी.ची, तिचे एफ/२.८ ला छिद्र ९ मि.मी.चेच असते, म्हणून तिची डेप्थ ऑफ फील्ड दुप्पट भरते. ३ मीटरवर उभ्या असलेल्या व्यक्तीवर फोकस केले तर फुल फ्रेमवर ६० सें.मी.चा आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १२५ सें.मी.चा पट्टा स्पष्ट येतो. आता त्याच २५ मि.मी.च्या लेन्सचे छिद्र एफ/१.४ पर्यंत उघडले की व्यास पुन्हा १८ मि.मी. होतो आणि पट्टा पुन्हा ६० सें.मी.च्या आसपास येऊन थांबतो. सेन्सरचे क्षेत्रफळ जवळजवळ चौपटीने वेगळे असूनही दोन्ही चित्रांतली धूसरता सारखीच असते. उभे राहण्याची जागा, चौकट आणि छापील चित्राचा आकार एकच असेल तर डेप्थ ऑफ फील्ड ठरते ती वस्तूपासून निघालेला प्रकाश किती रुंद छिद्रातून आत शिरतो यावर. त्या प्रकाशाची प्रतिमा पुढे मोठ्या पडद्यावर पडते की लहान, याने फरक पडत नाही.

एक अपवाद येथेच नोंदवतो, कारण जाणकार वाचक तो काढतीलच. कीटक, पाकळ्या अशा अगदी जवळच्या छायाचित्रणात एफ-क्रमांक सारखा ठेवला तर क्रॉप फॅक्टरचा हा हिशेब थोडा ढळतो. सेन्सरवर वस्तू मूळ आकाराची उमटत असेल तर फुल फ्रेमवर एफ/८ ला डेप्थ ऑफ फील्ड सुमारे १ मि.मी. असते, मायक्रो फोर थर्ड्सवर तीच चौकट धरल्यास ती दुप्पट न होता दीडपटच होते. लेन्स जवळच्या वस्तूसाठी पुढे सरकते तेव्हा प्रत्यक्ष एफ-क्रमांक बदलतो, हे त्याचे कारण.

छिद्राचा व्यास लक्षात घेतला की जाहिरातींतली एक जुनी लबाडी उघडी पडते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांची फोकल लेंथ फुल फ्रेमच्या तुलनेत रूपांतरित करून छापण्याची पद्धत आहे, कारण २४ किंवा ६०० मि.मी. म्हटल्यावर चौकट किती रुंद येईल याचा ग्राहकाला अंदाज येतो. पण त्याच ओळीत एफ-क्रमांक मात्र रूपांतर न करता तसाच छापतात. १/२.३ इंची सेन्सर असलेल्या, लांबवरचे पक्षी टिपण्यासाठी विकल्या जाणाऱ्या झूम कॅमेऱ्यावर ६०० मि.मी., एफ/२.८ असे वर्णन असते तेव्हा त्या लेन्सची खरी फोकल लेंथ १०८ मि.मी.च्या आसपास असते आणि छिद्र ३९ मि.मी.हून कमी. खरोखरच ६०० मि.मी. आणि एफ/२.८ असलेल्या लेन्सचे छिद्र २१४ मि.मी. असायला हवे. धूसर पार्श्वभूमीच्या दृष्टीने पाहिले तर हा कॅमेरा फुल फ्रेमवरच्या ६०० मि.मी., एफ/१६ सारखा वागतो. त्यात काही गैर नाही, हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा करणे योग्यही नव्हे. मात्र वर्णनातला एक आकडा रूपांतरित आणि दुसरा अरूपांतरित ठेवणे हे प्रामाणिकपणाचे नाही. आपल्या लेखासोबतच्या तक्त्यातही हाच घोटाळा उतरला आहे.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की एफ/२.८ हा कोणत्याही सेन्सरवर एफ/२.८ च असतो. प्रकाशमापनाच्या बाबतीत हा आक्षेप बिनचूक आहे. एफ-क्रमांक सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडेल हे ठरवतो, त्यामुळे आयएसओ (प्रकाशाला किती प्रतिसाद द्यायचा याचा आकडा) आणि शटरचा वेग सारखे ठेवले तर लहान-मोठ्या दोन्ही सेन्सरवरची चित्रे सारखीच उजळ येतात. पण मोठ्या सेन्सरकडे असे चौरस मिलिमीटर जास्त आहेत. मायक्रो फोर थर्ड्सला फुल फ्रेमच्या तुलनेत एकूण प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांश मिळतो आणि अंधुक उजेडात त्याच्या चित्रात दाणे अधिक दिसतात, ते यामुळेच. म्हणजे धूसर पार्श्वभूमी आणि कमी दाणे हे दोन्ही लाभ एकाच रुंद छिद्राने आणलेले असतात. श्रेय मात्र दोन्हींचे सेन्सरला दिले जाते. एफ-क्रमांकाला क्रॉप फॅक्टरने गुणण्यावरून छायाचित्रकारांत जे वाद रंगतात, त्यात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एक पक्ष उजळपणाविषयी बोलत असतो आणि दुसरा डेप्थ ऑफ फील्डविषयी.

आता मोबाइलकडे वळतो, कारण बहुतेक वाचकांच्या हातात कॅमेरा म्हणून तोच आहे. चांगल्या प्रतीच्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर १/१.३ इंची म्हणवला जातो. यातल्या इंचांचा सेन्सरच्या मापाशी थेट संबंध नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून ही मापे आली आहेत, आणि प्रत्यक्षात या सेन्सरचा कर्ण १२ मि.मी.च्या आसपास असतो. क्रॉप फॅक्टर सुमारे ३.५. लेन्स ७ मि.मी.ची आणि एफ/१.८, म्हणजे छिद्र ४ मि.मी.हूनही लहान. फुल फ्रेमवर तीच रुंद चौकट देणारी २४ मि.मी.ची लेन्स एफ/१.८ ला असेल तर तिचे छिद्र १३ मि.मी.हून मोठे असते. परिणामी मोबाइल ३.२ मीटरवर फोकस केला तर १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सारे काही स्पष्ट येते, तेही छिद्र पूर्ण उघडे असताना. फुल फ्रेमवर एवढी डेप्थ मिळवायला एफ/६.३ पर्यंत छिद्र आवळावे लागेल. समूहाची छायाचित्रे, निसर्गदृश्ये, घाईत टिपलेले प्रसंग यांत मोबाइल क्वचितच फसतो त्याचे एक कारण हे आहे, आणि याला दोष मानणे मला अन्यायाचे वाटते.

मोबाइलची लेन्स अधिक रुंद का करत नाहीत, असे विचारले जाते. १३ मि.मी.चे छिद्र ७ मि.मी. फोकल लेंथच्या लेन्सला द्यायचे तर एफ-क्रमांक जवळजवळ ०.५ हवा, आणि हवेत काम करणाऱ्या, प्रतिमेतले दोष नीट काढलेल्या लेन्ससाठी एफ/०.५ ही भौतिकशास्त्रानेच घातलेली सीमा आहे. तिच्या जवळपास जाणाऱ्या लेन्सही प्रचंड अवघड होतात. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा येथे दिसतो: त्याच्यासमोर लांब फोकल लेंथची लेन्स बसते, आणि लांब फोकल लेंथच्या लेन्सला माफक एफ-क्रमांकातही रुंद छिद्र देता येते. सेन्सर धूसरता निर्माण करत नाही, ती निर्माण करू शकणाऱ्या लेन्सला जागा देतो, असे म्हटले तर लेखातील विधान सावरता येईल.

मोबाइलमधली 'पोर्ट्रेट' सोय ही मग संगणनाची करामत आहे. २०१६ पासून ती लोकप्रिय झाली. काही मोबाइल दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांतल्या फरकावरून वस्तू किती दूर आहे याचा अंदाज बांधतात; काहींत प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो, एक भाग लेन्सच्या डाव्या अर्ध्यातून पाहतो आणि दुसरा उजव्या, आणि ४ मि.मी.हून लहान छिद्राच्या दोन अर्धांतला तेवढासा फरक वापरून खोलीचा नकाशा तयार केला जातो. त्याच्या जोडीला माणसाची आकृती ओळखणारी प्रणाली असते. मग पार्श्वभूमी गणिताने धूसर केली जाते. असे चित्र मोठे करून पाहावे. कुरळ्या केसांच्या कडेला काही बटा स्पष्ट असतात, तर काही भिंतीसोबत विरघळलेल्या. चष्म्याच्या काचेतून दिसणारी मागची वस्तू धूसर व्हायला हवी, ती स्पष्टच राहते. कमरेवर ठेवलेला हात आणि धड यांच्यामधला त्रिकोणी मोकळा भाग पार्श्वभूमी म्हणून ओळखला न जाता तसाच्या तसा सुटतो. पडद्यावर एफ/१.४ ते एफ/१६ असा जो सरकता आकडा दिसतो, तो लेन्समध्ये काहीही हलवत नाही. ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही; दिवसेंदिवस ती सुधारतही आहे. पण तिची आणि प्रकाशीय धूसरतेची गुणवत्ता एकाच रकान्यात तोलणे योग्य नाही. उलट मोबाइलवरही खरी धूसरता मिळतेच, फक्त जवळ जावे लागते: वर सांगितलेल्याच लेन्सने २० सें.मी.वरचे फूल टिपले तर जेमतेम अडीच सें.मी. पट्टा स्पष्ट राहतो आणि मागची पाने कोणत्याही प्रणालीच्या मदतीशिवाय विरतात.

लेखात आणखी एक सरमिसळ झाली आहे. डेप्थ ऑफ फील्ड कमी असणे आणि पार्श्वभूमी खूप धूसर होणे या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नाहीत. फुल फ्रेमवर ५० मि.मी.ने ३ मीटरवरून आणि १०० मि.मी.ने ६ मीटरवरून, दोन्ही वेळा एफ/२.८ ला एकाच व्यक्तीचे चित्र घेतले तर व्यक्ती चौकटीत सारख्याच आकाराची येते आणि डेप्थ ऑफ फील्डही दोन्हीकडे ६० सें.मी.च्या आसपास असते. पण दूरवरच्या दिव्याची चकती १०० मि.मी.च्या चित्रात दुप्पट मोठी उमटते. चेहऱ्याचा जो भाग स्पष्ट आहे तो तेवढाच राहून मागचा गोंधळ मात्र अधिक वितळतो. ज्याला कान ते नाक सगळे स्पष्ट हवे आहे आणि मागचे काहीच ओळखू यायला नको आहे, त्याला नवा कॅमेरा सुचवण्याआधी लांब लेन्स आणि मागे सरकायला थोडी जागा सुचवावी. अनेकदा तेवढ्याने भागते.

मोठा सेन्सर म्हणजे प्रत्यक्षातही नेहमीच अधिक धूसरता, हेही खरे नाही. फुल फ्रेमहून मोठ्या ४४ × ३३ मि.मी. सेन्सरवर एफ/२.८ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या एफ/२.२ एवढीच डेप्थ ऑफ फील्ड देते, आणि फुल फ्रेमसाठी एफ/१.४ च्या लेन्स मुबलक मिळतात. मुळात फुल फ्रेम ही तुलनेची पायरीही निसर्गाने ठरवलेली नाही. जर्मन अभियंता ऑस्कर बार्नाक यांनी चित्रपटाच्या फिल्मवरची १८ × २४ मि.मी.ची चौकट दुप्पट करून आपल्या कॅमेऱ्यासाठी २४ × ३६ मि.मी.चे माप घेतले, १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला आणि हे माप रूढ झाले. त्या काळी या कॅमेऱ्यांना लघुचित्री म्हणून जरा खालच्या नजरेनेच पाहिले जाई.

मोठ्या पटलाची दुसरी बाजू पाहायची असेल तर १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी स्थापन केलेल्या छायाचित्रकारांच्या गटाचे नावच पाहावे. गटाचे नाव होते एफ/६४. चित्रातला कणन् कण स्पष्ट दिसावा, हा त्यांचा आग्रह. ८ × १० इंची फिल्म वापरताना एवढे बारीक छिद्र ठेवावे लागे, कारण त्या फिल्मचा कर्ण फुल फ्रेमच्या साडेसात पट आहे. डेप्थ ऑफ फील्डच्या हिशेबाने तेथला एफ/६४ म्हणजे आजच्या फुल फ्रेमवरचा एफ/८.५. म्हणजे मोठे पटल त्यांच्यासाठी धूसरतेची सोय नव्हती, स्पष्टता मिळवताना पेलावी लागणारी अडचण होती. त्यांना ते पटल हवे होते तपशिलासाठी.

निसर्गचित्रे काढणाऱ्या वाचकांना याच्याशी जोडलेला एक गैरसमज सोडून द्यायला हरकत नाही. लहान सेन्सरवर छिद्र फार आवळले की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट होते, म्हणून सर्वाधिक स्पष्टतेसाठी मोठाच सेन्सर हवा, असे सांगितले जाते. विवर्तनाने बिंदूची होणारी चकती एफ-क्रमांकाच्या प्रमाणात वाढते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/२२ ला तिचा व्यास ०.०३ मि.मी. आणि एफ/११ ला ०.०१५ मि.मी. येतो. हे दोन्ही आकडे अनुक्रमे फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स यांच्यासाठी वर धरलेल्या मर्यादेइतकेच आहेत. तेव्हा लहान सेन्सर विवर्तनाला लवकर बळी पडतो हे खरे, पण तेवढीच डेप्थ ऑफ फील्ड तो आधीच, कमी एफ-क्रमांकाला, देऊन चुकलेला असतो. सारख्याच डेप्थसाठी दोघांनाही विवर्तनाची सारखीच किंमत मोजावी लागते.

राहता राहिला चित्राच्या अंतिम आकाराचा मुद्दा. तो आपल्या व्यवसायाशी जवळचा असल्याने सांगतो. एकाच छायाचित्रातली डेप्थ ऑफ फील्ड ते कोणत्या आकारात छापले आणि किती अंतरावरून पाहिले यावर बदलते. एका स्तंभाच्या रुंदीत छापलेल्या चित्रात दोन्ही डोळे स्पष्ट दिसतात; तेच चित्र पुरवणीच्या पूर्ण पानावर छापले की पलीकडचा डोळा फोकसबाहेर असल्याचे कळते. संगणकावर मूळ पिक्सेलपर्यंत मोठे करून पाहणाऱ्याला तर प्रत्येक चित्रातच डेप्थ अपुरी वाटेल. आपल्या लेखात दोन कॅमेऱ्यांची नमुनाचित्रे शेजारी छापली आहेत, परंतु एक दोन स्तंभांत आणि दुसरे एका स्तंभात आहे. त्यावरून वाचकाने धूसरतेची तुलना करू नये, एवढी टीप तरी खाली हवी होती.

पुढील अंकात खुलासा छापणार असाल तर तक्त्यात दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. एका रकान्यात लेन्सची खरी फोकल लेंथ आणि दुसऱ्यात पूर्ण उघड्या छिद्राचा मिलिमीटरमधला व्यास द्यावा. पहिला आकडा बहुतेक लेन्सच्या कडेवरच कोरलेला असतो आणि दुसरा त्याला एफ-क्रमांकाने भागून निघतो, त्यामुळे संपादन विभागावर विशेष भार पडू नये. नमुनाचित्रे पुन्हा घ्यायची झाल्यास कॅमेऱ्याची जागा न बदलता, चौकट सारखी ठेवून घ्यावीत आणि एकाच रुंदीत छापावीत.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रण-अध्यापक